हरळीतले साठ कंद

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्या अंगणाचा फोटो मिळाला. गवतात सगळीकडे जांभळी फुलं, पान एकालाही नाही, आणि मागे धाकटी लाल टोपी घालून उभी. पाठीमागे लिहिलंय, "आजी, ही शरद ऋतूतली क्रोकस. तुला नक्की आवडतील. थोडे कंद पार्सलने पाठवतो."

पाठवू नका. ही फुलं मला ठाऊक आहेत. परभणीत मी ती एकदा लावली आहेत, फूटपट्टी आणि दोरी घेऊन. त्यापायी एका माणसाची नोकरी गेली आणि ती घालवण्यात माझा हात होता. हे तुमच्या आजोबांना माहीत होतं. ते गेल्यापासून माझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही. तुमचं पार्सल निघण्याआधी तुम्हाला कळावं, म्हणून आज लिहायला बसले आहे. क्रमाने सांगते.

निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती. मग हैदराबाद राज्याचेच तुकडे झाले आणि आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. तुमच्या आजोबांची सगळी वकिली उर्दूत झालेली. कचेरीची भाषा बदलली तशी ते चाळिशीत मराठी शुद्धलेखन गिरवायला बसले. मी हैदराबादच्या मिशनच्या शाळेत शिकलेली. तोवर घरात माझ्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरता होता. आता एकदम भाव आला. कारण पश्चिमेकडून, पुण्या-मुंबईहून, नवे साहेब लोक येऊ लागले. त्यांच्या सामानात दोन ट्रंका, एक होल्डॉल आणि आमच्याविषयीची कीव एवढं असायचंच.

त्यांतल्या एका मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब या गोष्टीत आहेत. साहेब कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. नातवंडं त्यांनाही असतील. साहेबांबरोबर त्या नऊ महिने विलायतेत राहून आल्या होत्या. नऊ महिन्यांत बाईच्या पोटी मूल येतं, यांच्या पोटी विलायत आली होती. चहा कसा ओतावा, खिडकीला पडदा किती लांब असावा, पाहुण्यांनी उठावं कधी, सगळ्याला विलायतेचा दाखला. परभणीबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, "अहो, इथे सौंदर्यदृष्टीच नाही!" हे त्या खिडकीत उभं राहून म्हणायच्या आणि खिडकीबाहेर जवसाची निळी शेतं डुलत असायची.

त्यांनी लेडीज क्लब काढला. अधिकाऱ्यांच्या बायका खुर्च्यांवर, व्यापाऱ्यांच्या सतरंजीवर. मी वकिलाची बायको, म्हणजे खरी सतरंजीवरची. पण इंग्रजी येतं म्हणून मला खुर्ची मिळाली. एकदा खुर्चीवर बसलं की खाली बसायला गुडघे दुखतात. मला क्लबची सेक्रेटरी व्हायचं होतं. हसू नका. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि ते मला फार मोठं पद वाटायचं.

साहेबांच्या सरकारी बंगल्याच्या बागेत एक जुने माळी होते. त्यांना मी माळीमामा म्हणायचे. मूळचे पोखर्णीचे. निजामाच्या अंमलदारांपासून ते त्याच बागेत होते. विहिरीमागच्या खोलीत नवराबायको राहायचे. नव्या राज्यात बंगल्याला एकाच माळ्याची जागा कायम होणार होती आणि कुणाचं नाव पाठवायचं ते बाईसाहेबांच्या हातात होतं. त्यांच्या मनात पुण्याचा कुणी माळी होता. "त्याला लॉनची जाण आहे," असं त्या म्हणायच्या. शेवटी त्यांनी ठरवलं की यंदा क्रोकस फुलली तर माळीमामांचं नाव जाईल, नाही फुलली तर पुण्याच्या माणसाचं. माळीमामांना क्रोकस म्हणजे काय हे माहीत नव्हतं. नोकरी म्हणजे काय ते माहीत होतं.

क्रोकसचं वेड विलायतेहूनच आलेलं. तिथल्या एका बागेत झाडांखालच्या गवतात ही फुलं त्यांनी ऑक्टोबरात पाहिली होती. कुठल्याशा डोंगरी नर्सरीतून साठ कंद मागवले आणि सोबत बागकामाचं एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. "वकीलीणबाई, तुम्ही वाचून माळ्याला समजावा. तुमचं इंग्रजी क्लबच्या उपयोगी पडू दे."

पुस्तकात लिहिलं होतं की हे झाड बाकीच्यांच्या उलट वागतं. उन्हाळाभर जमिनीत झोपतं, थंडीची चाहूल लागली की आधी फूल वर काढतं, आणि पानं नंतर. पानं बारीक, गवतासारखी, मधोमध पांढरी रेघ. मोकळ्या वाफ्यात फुलं उघडीबोडकी दिसतात, म्हणून गवतात लावावी, आणि पानं वाळेपर्यंत गवत कापू नये, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवर पोसतो. मी रात्रीच्या जेवणाला हे सगळं तुमच्या आजोबांना सांगितलं.

ते म्हणाले, "म्हणजे आधी डौल, मग पानं, आणि खाली मूळ धरेल की नाही याची खात्री नाही. ओळखीचं झाड वाटतं. गेल्या वर्षभरात बरीच येऊन गेली परभणीला."

गवत हवं, म्हणून आधी हिरवळ करायची ठरली. आपल्याकडे हिरवळीला एकच गवत, हरळी. तुम्हाला हरळीचं दुखणं माहीत नाही. काळ्या रानात ती एकदा शिरली की हात-हात खोल मुळ्या जातात. माणसं उन्हाळा-उन्हाळा ती खणून काढतात, वेचून बांधावर वाळवतात, जाळतात, आणि पहिल्या पावसात ती परत हजर. ज्याच्या रानात हरळी, त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक दोनदा विचार करायचे. मी माळीमामांना हरळी लावायला सांगितली तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले.

"वकीलीणबाई, नीट इचारलं का तुमी? काढायची का लावायची?"

"लावायची."

"माझा बाप हरळी खांदून खांदून कमरेत वाकला. आन मी लावू? पोखर्णीला कळलं तर सोयरे पानी प्यायचे न्हाईत माझ्या घरचं."

"बाईसाहेबांची मर्जी आहे, मामा."

"मंग लावतो. नौकरी हाय बाबा."

बोरी गावाहून एक बैलगाडी भरून हरळीच्या मुळ्या आल्या. ज्याच्या रानातून आणल्या त्यानं गाडी स्वतः जुंपून दिली आणि निरोप धाडला, "आनखी लागली तर सांगा, दोन एकर हाय." हरळी लागली आणि जोमानं पसरली. अडचण आली ती माळीमामांच्या बायकोची. त्या जन्मभर खुरपणीला जाणाऱ्या. एका दुपारी धुणं वाळत घालायला बाहेर आल्या, हिरवळ दिसली, आणि हात काही थांबला नाही. आम्ही बघेपर्यंत अर्धी हिरवळ खुरपून ढीग लावलेला. "लय माजली होती," त्या म्हणाल्या. तो ढीग मामांनी परत लावला.

श्रावणात कंद आले. लसणाच्या गड्ड्यापेक्षा लहान, वर तपकिरी साल. मामांनी एक हातावर घेतला, हुंगला.

"खायाचा का?"

"नाही."

"औषधाचा?"

"नाही."

"देवाला व्हातेत?"

"नाही मामा. नुसता बघायला."

"अस्सं. साहेबाचं काम."

मी दोरी धरली, फूटपट्टीनं तीन-तीन इंचांवर खुणा केल्या आणि कंद लावायला सांगून चहाला आत गेले. बाहेर आले तेव्हा सगळं बुजवून झालं होतं. माझ्या वहीत मी 'साठ' असं लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

आता गावात बातमी फुटली की बंगल्यात केशर लावलंय. केशर देणारं क्रोकस याचं चुलतभावंड आहे, यातून केशर मिळत नाही, हे मी क्लबात उभं राहून सांगितलं. सतरंजीवरच्या बायकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली एक वाटी घेऊन माझ्या दारात. "सुनेला सातवा लागलाय वकीलीणबाई. चिमूटभर मिळालं तर बाळ गोरं होईल." मी नाही म्हटलं. तिनं जाताना शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं, "खुर्चीवाल्यांनी आपसांत वाटून घेतलं वाटतं." बाईसाहेबांना मी हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. केशराच्या अफवेनं बागेचं वजन वाढत होतं.

भाद्रपदात पावसानं उघडीप दिली. हिरवळ वरून वाळलेली दिसायला लागली. पुस्तकात लिहिलं होतं, वाढ सुरू होण्याच्या सुमारास कोरड पडली तर पाणी द्यावं. मी मामांना आठवड्यातून दोनदा पाणी घालायला सांगितलं.

ते म्हणाले, "नगं वकीलीणबाई. काळी पानी सोडत न्हाई. वरून वाळल्यावानी दिसायली, आत लोणी हाय. ह्यो कांद्याचा जीव. कुजंल."

"पुस्तकात लिहिलंय, मामा."

"पुस्तक कोन्च्या मातीचं हाय?"

पुस्तक विलायतेच्या मातीचं होतं. तिथली जमीन पाणी धरत नाही, तिथे सप्टेंबरात दव पडतं. आपल्याकडे सप्टेंबरात घाम पडतो. पण मला सेक्रेटरी व्हायचं होतं. मी म्हटलं, "पाणी घाला." त्यांनी घातलं. रहाटानं विहिरीतून काढून, घागरी-घागरीनं. पंधरा दिवस घातलं, आणि मग हस्ताचा पाऊस असा कोसळला की हिरवळीवर बगळे उतरले.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात क्लबचं पुष्पप्रदर्शन होतं. औरंगाबादहून आणखी मोठ्या साहेबांच्या बाई पाहुण्या आल्या होत्या. स्वागतगीत झालं, चहा झाला. आदल्या दिवशी मी एका पाटीवर इंग्रजीत फुलाचं नाव लिहून ती हिरवळीत रोवली होती, कारण बाईसाहेबांना खात्री होती की फुलं रातोरात येतात. पाहुण्या बाई पाटीसमोर उभ्या राहिल्या. पाटीखाली हरळी होती. पाटीच्या आजूबाजूलाही हरळीच होती.

"कुठली म्हणायची?" पाहुण्यांनी विचारलं.

मागे सतरंजीवरच्या बायकांत कुजबुज झाली, "हरळी बघायला औरंगाबादहून आल्या का ओ बाई?" आणि कुणीतरी पदर तोंडात कोंबला.

बाईसाहेबांनी मामांना हाक मारली. ते खुरपं घेऊन आले आणि पाटीखाली उकरलं. चिखलात एक मऊ, काळपट गोळा निघाला. वास आला. पाहुण्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. बाईसाहेब माझ्याकडे वळल्या.

"वकीलीणबाई, हे असं कसं झालं?"

मी म्हटलं, "पाणी जास्त झालं असावं."

वाक्य खरं होतं. पाणी कुणी घालायला लावलं ते मी सांगितलं नाही.

"एवढी अक्कल नाही तुला?" त्या मामांवर ओरडल्या. "इतकी वर्षं बागेत काय केलंस?"

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी हातातली बशी नीट धरली. ते म्हणाले, "चूक झाली, बाईसाहेब." दिवाळीनंतर खोली सोड, असं त्यांना तिथेच सांगण्यात आलं. दहा मिनिटांनी मला क्लबची सेक्रेटरी जाहीर केलं आणि झेंडूचा हार घातला. तो सकाळी मामांच्या बायकोनं ओवला होता.

घरी आले तर तुमचे आजोबा ओसरीवर बसलेले. गावात बातम्या माझ्यापेक्षा भरभर चालतात.

"झालीस सेक्रेटरी?"

"झाले."

"साक्ष चांगली दिलीस म्हणे. विचारलं तेवढंच सांगितलंस, आणि सांगितलंस ते खरं. असे साक्षीदार आम्हाला महिनाभर पढवावे लागतात. तू उपजतच निघालीस."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की मला राग त्यांचा आलेला नव्हता. पण राग कुणाचा होता हे कळूनही मी बंगल्यावर गेले नाही. दिवाळी होती, फराळ होता, क्लबच्या सभेचं वृत्त लिहायचं होतं. न जाण्याची कारणं मी नीट क्रमाने लावली होती.

दिवाळी झाली आणि थंडी पडली. परभणीची थंडी तुम्हाला खोटी वाटेल, पण पहाटे पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही. एका सकाळी मामा दारात आले. हातात गाडगं, वर फडकं.

"तुमचं सामान हाय. खोली रिकामी करायलोय, म्हनून आनलं."

फडकं काढलं. गाडग्यात राख होती आणि राखेत कंद. कंदांतून फुलं वर आली होती. माती नाही, पाण्याचा थेंब नाही, पान नाही. फिकट जांभळ्या पाकळ्या, गडद शिरा, मधे केशरी तुरा. एकूण नऊ.

"हे कुठून, मामा?"

"साठातलेच. सगळं बी कुनी मातीत घालतंय का? मूठभर राखावं लागतंय. दुबार पेरायची येळ आली तर? राखंत घालून शिंक्यावर ठिवले व्हते. काल बगितलं तर हे असं."

'मी पाणी नको म्हटलं होतं' असं ते पुढे म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती. नऊ फुलं म्हणत होती. कंदात फूल आधीच तयार असतं, त्याला फक्त कोरडी जागा आणि गार हवा लागते, हे मी नंतर त्याच जाड पुस्तकात वाचलं. ते पान मी आधी वाचलं नव्हतं, कारण ते कंद कसे लावावे या प्रकरणात नव्हतं.

मी चप्पल घातली आणि गाडगं घेऊन सरळ बंगल्यावर गेले. मामा मागून आले. बाईसाहेब व्हरांड्यात होत्या. मी गाडगं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाणी मी घालायला लावलं, मामा नको म्हणत होते, प्रदर्शनाच्या दिवशी मी गप्प राहिले, ही फुलं त्यांनी राखली म्हणून आली, आणि तुमचा शब्द होता की क्रोकस फुलली तर त्यांचं नाव जाईल.

त्यांनी ऐकून घेतलं. नजर फुलांवरून हलली नाही. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या मनाचा मोठेपणा आहे, वकीलीणबाई. पण नोकरांची चूक अशी आपल्या अंगावर घेऊ नये हो. त्यांना सवय लागते."

"चूक माझी होती."

"पुण्याचा माळी सोमवारी येतोय. नाव पाठवून झालंय. आता काय करणार?"

मामा पायरीखाली उभे होते. सगळं ऐकू येत होतं. त्याच संध्याकाळी बाईसाहेबांनी खुर्चीवाल्यांना चहाला बोलावलं. गाडगं काढून फुलं चिनी मातीच्या वाडग्यात मांडली होती. "पाहिलंत? चिकाटी लागते," त्या सांगत होत्या. "इथे कुणी विश्वासच ठेवत नव्हतं." मी गेले नव्हते. एकीनं दुसऱ्या दिवशी येऊन सगळं साभिनय सांगितलं. मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहून दिला. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे, असं त्यांनी सभेत वाचून दाखवलं. मी ते कारण लिहिलंच नव्हतं.

पुण्याच्या माळ्यानं ते नऊ कंद हिरवळीत लावले. त्यांना पानं फुटली. त्याला खरोखरच लॉनची जाण होती. पौषात त्यानं कात्रीनं हिरवळ एका रेषेत कापली, पानांसकट.

मामांची मी माफी मागितली, खोलीतून शेवटचं बोचकं निघालं त्या दिवशी. म्हटलं, "मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "सांगायला पायजे होतं."

एवढंच. 'जाऊ द्या' म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली आणि ते बोचकं डोक्यावर घेऊन गेले.

तुमचे आजोबा मुलींच्या नव्या शाळेच्या समितीवर होते. इमारत उभी राहत होती, मैदान उघडं होतं. त्यांनी मामांना तिथे लावून घेतलं. पगार कमी, खोली नाही. म्हातारपणी दोघं भाड्याच्या जागेत राहिली, विहीर दूर, आणि मामा रोज सकाळी बादल्या वाहत. मी कधी गेले की वाफे दाखवत, चार शब्द बोलत, त्याहून जास्त नाही. शाळेच्या बाईंनी एकदा मैदानात हिरवळ करायचं काढलं. मामा म्हणाले, करा, पण मग दुसरा माळी बघा. हिरवळ झाली नाही. त्यांनी मुलींना सावली हवी म्हणून भिंतीकडेनं कडुलिंबाची बारा रोपं लावली आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण करून जगवली.

मामा आणि त्यांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बंगला पाडला. लेडीज क्लब कधी बंद पडला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या बारा कडुलिंबांतली पाच झाडं अजून उभी आहेत.